लपणातल्या नोंदवहीतली एक खोटी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. पाने चारशे, पुठ्ठा हिरवा, पाठीची शिवण दोन ठिकाणी उसवलेली. माझ्यात नऊ हजारांच्या वर ओळी आहेत. त्यांतल्या बहुतेक खऱ्या आहेत, काही फुगवलेल्या आहेत आणि एक ओळ धडधडीत खोटी आहे. ती एकदा नव्हे, अठ्ठेचाळीस वेळा लिहिली गेली. ती लिहिणारी माणसे आता नाहीत. ज्या पाखरांसाठी लिहिली, ती तर त्याच उन्हाळ्यात संपली. सांगायला मी तेवढी उरले आहे.

माझी बांधणी इंग्लंडातल्या नॉर्विच शहरात, एका बाइंडरच्या दुकानात झाली. तिथून मला एनिड थर्टलबाईंनी आणले. एकतीस वर्षे सेजबी गावचे टपाल सांभाळून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी माझे पान अंगठ्याने चोळून पाहिले आणि विचारले, "शाई फुटणार नाही ना? आमच्याकडे ओल फार."

"बाई, हिच्यावर पाणी ओतलंत तरी चालेल," बाइंडर म्हणाला.

"ओतायला कशाला लागतंय? सेजबीत ते आपोआप येतं."

सेजबीच्या दलदलीच्या काठी खांबांवर उभे केलेले फळ्यांचे एक खोपटे होते. त्याला सगळे लपण म्हणत. पुढच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर लांबट फट होती. तिच्यातून पाणी आणि बोरूचे बन दिसे. मागे एक लहान खिडकी होती. तिच्यातून पर्सी गॉट्सचे जवाचे शेत दिसे. बाकाशेजारच्या फळीवर मला ठेवले आणि सुतळीने एक पेन्सिल बांधली. पट्टीने रकाने आखले: तारीख, वारा, पक्षी, संख्या, नाव. पहिल्या पानावर थर्टलबाईंनी टपालाच्या पाकिटावर लिहावे तशा ठसठशीत अक्षरांत लिहिले, "जे पाहिले तेच लिहावे."

मित्रांनो, तुम्हांला वाटत असेल की माणसे लपणात पाखरे पाहायला येतात. माझा अनुभव निराळा आहे. माणसे पाखराच्या शेजारी आपले नाव लिहायला येतात. उचाट, चमचा, बोरूत दडून बैलासारखा हुंबरणारा बिटर्न, परगण्यात क्वचित दिसणारी अशी पाखरे ज्याच्या नावापुढे जास्त, तो माणूस बाकावर ऐसपैस बसे. एका गृहस्थाने माझ्यात "क्रौंच, एक" असे लिहिले. त्याच्या पत्नीने खाली लिहिले, "करडा बगळा. यांचा चष्मा घरी राहिला आहे." एका पाहुण्याने नुसतेच लिहिले, "थंडी फार. बाक कडक."

रोज येणारे दोघेच. एक थर्टलबाई आणि दुसरे क्लेमंट लारवुड. क्लेमंट औषधविक्रेते होते. दुकान विकले तरी मापाची सवय गेली नव्हती. इतर लोक "टिटव्या, सुमारे दोनशे" लिहीत. हे "टिटव्या, २१७" लिहीत. दोनशेपंचवीस पाखरे ते आवाजावरून ओळखत. जव कधी कापतात हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. तेव्हा कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

माझेही कौतुक झाले. परगण्याच्या वार्षिक पक्षी-अहवालात माझ्यातल्या सत्तेचाळीस ओळी छापून आल्या. "सेजबीची वही" म्हटले की अहवालाच्या समितीतले लोक शंका घेत नसत. मला त्याचा गर्व होता, हे कबूल करते.

मग पहिली जखम झाली. उट्टिंग नावाचे एक भाबडे शिक्षक होते. एका मे महिन्यात त्यांना करवानकाची जोडी दिसली आणि आनंदाच्या भरात त्यांनी लिहिले, "दोन अंडी! कुंपणाच्या सातव्या खांबापासून उत्तरेला वीस पावले." चार दिवसांनी स्वच्छ गमबूट घातलेला, मृदू आवाजाचा एक माणूस आला. दलदलीत येणाऱ्याचे गमबूट स्वच्छ नसतात, पण मला बोलता येत नाही. त्याने ते पान सावकाश वाचले, मला नीट मिटून ठेवले आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी अंडी नव्हती. अंडी पोकळ करून कापसात मांडून ठेवणारी माणसे असतात, मित्रांनो. त्यांच्या पेट्याही फार नीटनेटक्या असतात.

थर्टलबाईंनी ते पान फाडले. पहिल्या पानावरच्या नियमाखाली दुसरा नियम लिहिला, "घरट्याविषयी एक अक्षरही नाही." उट्टिंग पुन्हा लपणात आले नाहीत.

त्यानंतर तीन वर्षांनी, चार जूनची सकाळ. क्लेमंट पुढच्या फटीशी मोजत बसले होते. थर्टलबाई मागच्या खिडकीशी थर्मासमधला चहा ओतत होत्या. तो तसाच कपाबाहेर सांडला.

"क्लेमंट, मोजणं थांबवा आणि इकडे या."

"एकशे सहा झाल्यात. आता उठलो तर पुन्हा पहिल्यापासून."

"मरू देत तुमच्या पाणकोंबड्या!"

असे त्या सात वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. क्लेमंट उठले.

राखेच्या रंगाचा, पंखांची टोके काळी असलेला एक सडपातळ पक्षी जवावरून घिरट्या घालत आला. त्याच्या पायांत उंदीर होता. त्याने साद घातली तशी जवातून तपकिरी मादी वर उठली. नराने उंदीर सोडला, मादी हवेतच उताणी झाली, तो झेलला आणि होती तिथेच खाली उतरली.

"भोवत्या," क्लेमंट पुटपुटले. "माँटेग्यूचा भोवत्या. बाई, परगण्यात नऊ वर्षांत एक घरटं नाही याचं."

"हळू बोला."

"इथं ऐकायला कोण आहे?"

"ही आहे ना," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केले.

तासाभरात तीनदा नर आला, तीनदा मादी त्याच जागी उतरली. थर्टलबाईंनी पेन्सिल उचलली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग लिहिले, "४ जून. वारा नैर्ऋत्य. विशेष काही नाही."

क्लेमंटनी वाकून पाहिले. "पहिल्या पानावर काय लिहिलंय ते आठवतंय ना?"

"मीच लिहिलंय. मला शिकवू नका."

मग त्यांनी समासात पेन्सिलीच्या टोकाने अगदी बारीक तीन टिंबे दिली.

"हे काय आता?"

"धूळ," बाई म्हणाल्या.

एका टिंबाचा अर्थ नराची एक खेप. खोटे लिहिलेले त्यांना सोसत नव्हते, म्हणून खरे त्यांनी असे बाजूला ठेवले. हे त्या दोघांना ठाऊक होते आणि मला.

शेत ज्याचे त्याला सांगणे भागच होते. दुसऱ्या दिवशी पर्सी गॉट्सला लपणात बोलावले. अंगाला डिझेलचा वास, डोक्यावर चपटी टोपी, आणि पाखरांच्या लोकांविषयी जुना राग.

"तुम्ही मंडळी माझ्या बांधावरून अशी चालता, जसा काही मीच तुमच्याकडे भाड्यानं राहतो," तो आत येता येता म्हणाला. पण खिडकीतून मादीला उताणी होताना पाहिले आणि त्याने टोपी काढली.

"पिल्लं उडणार कधी?"

"ऑगस्ट लागता लागता."

"मग हे शेत कापायला शेवटी घेतो. पहिल्या आठवड्यात. आणि मधे चौकोन सोडतो, या खोपट्याएवढा. काठी ठोकू का खुणेला?"

"काठी नको!" बाई जवळजवळ ओरडल्या. "काठी म्हणजे चोराला आमंत्रण. मी इथून दाखवते, तुम्ही लक्षात ठेवा."

"बरं. डोरीनच्या कानावर घालतो."

"डोरीनच्या तर मुळीच नाही."

"अहो, एक्केचाळीस वर्षं संसार केलाय तिच्याबरोबर!"

"आणि गावातलं एकुलतं एक दुकान आहे तिचं."

पर्सी हसला. "तेही खरंच. माझं पोट बिघडलं की पाद्रीबाबांना माझ्याआधी कळतं." त्याने हात पुढे केला. तिघांनी हात मिळवले. एक शेतकरी, एक टपालवाली, एक औषधवाला. तिघेही शब्दाला पक्के. तिथेच घोटाळा झाला.

जून सरला. माझ्यात रोज तीच ओळ उमटत होती आणि समासात टिंबे वाढत होती. चार, पाच, चार. जूनच्या अखेरीस आठ, नऊ. मग एकदम चौदा. "तोंडं वाढली," बाई म्हणाल्या. जुलैच्या मध्याला जवातून तीन डोकी दिसू लागली, मळक्या पांढऱ्या लोकरीची. पंखांवर नुकती पिसे फुटत होती. क्लेमंट घरून आल्याचे बिस्किट आणत आणि चौदाव्या टिंबाला दोघे अर्धे-अर्धे खात. पुढे खेपा चौदाच्याही वर गेल्या. बिस्किट मात्र चौदालाच फुटे. लपणात कोणी अनोळखी आले की दोघे पुढच्या फटीशी जाऊन पाणकोंबड्यांवर वाद घालत. लोकांना वाटे, म्हातारा-म्हातारीचे पटत नाही.

एकोणीस जुलैला सकाळी थर्टलबाई डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नॉर्विचला गेल्या. चार दिवस तिथे राहायचे होते. जाताना म्हणाल्या, "कोणीही येवो, तोंड बंद. फोनवर तर नावच काढायचं नाही. वॉर्डात दहा कान असतात."

"बाई, मी चाळीस वर्षं लोकांची दुखणी पोटात ठेवलीत."

त्याच दुपारी पर्सी गॉट्स आपल्या अंगणात कोसळला. जीव वाचला, वाचा गेली. एक बाजू लुळी पडली. क्लेमंटना हे दुसऱ्या दिवशी कळले. त्यांना पर्सीचे वाईट वाटले, खरेच वाटले. पण आता जव कोण कापणार, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. पर्सीने ऑगस्टचा पहिला आठवडा सांगितला होता, आणि क्लेमंटच्या लेखी सांगितलेली तारीख म्हणजे बाटलीवर चिकटवलेले लेबल होते.

एकवीस तारखेला डोरीन गॉट्स लपणात आली. दुकानाचा एप्रन तसाच अंगावर, डोळे जागरणाने लाल. आत क्लेमंट होते आणि बाकाच्या टोकाला दोन अनोळखी पाहुणे बसले होते. त्यांतल्या एकाचे गमबूट स्वच्छ होते.

"क्लेमंट, तुम्हांला एक विचारायचंय. पर्सी चांगल्या हातानं पांघरुणावर सारखा चौकोन काढतोय. चौकोन काढतो आणि बोटं अशी, पंखांसारखी हलवतो. मग माझ्यावरच चिडतो. तिकडे मागच्या शेतात काही आहे का?"

क्लेमंटनी गमबुटांकडे पाहिले. "काय असणार? जव आहे."

"ते मला कळतं हो. चाळीस वर्षं त्याची भाकर खातेय. पाखराचं काही आहे का, असं विचारतेय."

"नाही."

"नक्की?"

"हे बघा, वही आहे. तुम्हीच वाचा." त्यांनी मला तिच्यापुढे सरकवले.

मित्रांनो, तिने मला दोन्ही हातांनी धरले. हातांना साबणाचा आणि कांद्याच्या लोणच्याचा वास होता. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत ती वाचत गेली. पाने उलटली. चार जूनपर्यंत मागे गेली.

"सात आठवडे विशेष काही नाही? मग तुम्ही रोज येता तरी कशाला?"

"सवय," क्लेमंट म्हणाले.

"आणि हे अक्षर एनिडचंच ना?"

"त्यांचंच."

"मग झालं. एनिड टपालातसुद्धा कधी खोटं बोलली नाही. कोणाचं पत्र आलं नसेल तर तोंडावर सांगायची." डोरीनने मला मिटले. "बरं झालं विचारलं. मनातलं निघून गेलं."

ती गेली. जव कापायला हार्वेस्टरवाल्याला करायचा फोन तिने या एका प्रश्नासाठी अडवून ठेवला होता. ते तिने क्लेमंटना सांगितले नाही, कारण शेत कधी कापायचे हे कोणी औषधवाल्याला सांगत नाही. आणि क्लेमंटनी तिला दाराबाहेर नेऊन दोन शब्द सांगितले नाहीत, कारण बाई तेवीसला येणारच होत्या. काय ते त्या ठरवतील. ते दोन पाहुणे डर्बीचे दातांचे डॉक्टर होते. त्यांनी जाताना लिहिले, "टिटव्या पुष्कळ. छान जागा."

बावीसच्या सकाळी क्लेमंट मागच्या खिडकीशी बसले होते. नर आला, मादी उठली, उताणी झाली, उंदीर झेलला. क्लेमंटनी समासात टिंब दिले. बाईंची टिंबे मोहरीसारखी; यांची दाबून दिलेली, जाड. पेन्सिल अजून टेकलेलीच होती, तेव्हा इंजिनाचा आवाज आला.

आठवड्याअखेर पाऊस सांगितला होता. भाड्याचा हार्वेस्टर फाटकातून आत आला होता आणि बाहेरून आत असे फेरे घेत होता. क्लेमंट "अरे!" असे म्हणाले, मग "अरे, अरे!" करीत जिना उतरले. एक गुडघा त्यांचा निकामी होता. मधे पाण्याचा चर होता. पूल दूर होता. ते चरात उतरले, कमरेपर्यंत भिजले, पलीकडच्या काठावर दोनदा घसरले. मी फळीवर पडून खिडकीतून पाहत होते. टोपी काढून ते हलवत होते. चालकाच्या कानांवर आवाज अडवायचे झाकण होते. पाखरांचा कोणी म्हातारा बांधावरून चालल्याबद्दल माफी मागतो आहे असे त्याला वाटले असावे, कारण त्यानेही हात हलवला.

मादी शेवटच्या क्षणी उठली. पिल्ले उठली नाहीत. संकट आले की जमिनीला चिकटून गप्प पडून राहायचे, एवढेच त्यांना आईने शिकवले होते.

दुपारी नर पुन्हा आला. कापलेल्या शेतावर घिरट्या घालून त्याने साद घातली. मादी हवेत होती, पण उताणी झाली नाही. त्याने उंदीर सोडला. तो धसकटांत पडला. चहाच्या वेळेपर्यंत त्याने असे चारदा केले. क्लेमंट ओल्या कपड्यांनी खिडकीशी बसून होते. त्यांनी टिंब दिले नाही.

तेवीसला थर्टलबाई एका डोळ्यावर पट्टी बांधून थेट लपणात आल्या. क्लेमंटनी सांगितले. त्यांचे बोलणे संपायच्या आत डोरीनही आली. चालकाला चाकात काय सापडले, हे तिला कळले होते.

"तिला सांगायला काय झालं होतं तुम्हांला?" बाई क्लेमंटना म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात, कोणीही येवो."

"मी दोनदा विचारलं, एनिड," डोरीन म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "यांना विचारलं. मग हिला विचारलं," आणि तिने माझ्यावर हात आपटला. "तुझ्या अक्षरात लिहिलं होतं. मी तुझ्या अक्षरावर फोन केला."

"डोरीन, तुझं दुकान..."

"माझ्या दुकानात मी लोकांची लफडी बोलते गं. मरणाची गोष्ट कधी बोलले? तुझ्या बहिणीच्या आजाराचं मला वर्षभर ठाऊक होतं. कोणाला कळलं? मला एक शब्द सांगितला असतास तर मी त्या मशीनपुढे आडवी झाले असते."

डोरीन दारात थांबली. "पर्सीला मी काय सांगू? अजून चौकोन काढतोय तो."

ती गेल्यावर बाईंनी शाईचे पेन काढले आणि एका डोळ्याने, वाकड्या अक्षरात लिहिले, "२२ जुलै. जवाचे शेत. माँटेग्यूचा भोवत्या, पिल्ले तीन. मेली. जिला सांगायला हवे होते तिला सांगितले नाही." रकान्यांत ते मावले नाही. पुढच्या पानावर गेले.

तीच ओळ त्यांनी परगण्याच्या समितीला पाठवली. समितीने मला मागवून घेतले, तपासले आणि परत पाठवताना सोबत चिठ्ठी जोडली. चार जून ते एकवीस जुलै या काळात याच वहीत "विशेष काही नाही" अशी नोंद असल्याने सदर घरटे ग्राह्य धरता येत नाही. टिंबांना समिती पुरावा मानत नाही. त्या वर्षीच्या अहवालात भोवत्यापुढे छापले आहे, "परगण्यात वीण नाही."

बाई नंतर लपणात फारशा आल्या नाहीत. क्लेमंट येत, पण मोजत नसत. "टिटव्या, बऱ्याच" असे लिहीत. पर्सी पुढच्या वसंतात गेला. डोरीन दर उन्हाळ्यात त्या शेतात खोपट्याएवढा जव चौकोनी उभा ठेवायला लावी. चार काठ्या ठोकून, वर लाल चिंध्या बांधून. सहा वर्षे ठेवला. तिथे कोणी उतरले नाही. कापलेल्या शेतात तो चौकोन वाळत उभा राही आणि पहिल्या वादळात आडवा होई.

लपण कुजले, पाडले गेले. आता मी नॉर्विचला, परगण्याच्या कागदपत्रांच्या खोलीत एका खोक्यात असते. गेल्या वर्षी एका कारकुनाने माझी प्रत्येक ओळ संगणकात उतरवली. मन लावून काम केले त्याने. "विशेष काही नाही" अठ्ठेचाळीस वेळा टंकित केले, कंटाळा न करता. समासाशी आला तेव्हा त्याने भिंग लावले, पान खिडकीकडे धरले आणि शेऱ्यात लिहिले, "पेन्सिलीचे डाग. दुर्लक्ष करावे."

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. तुमच्यापाशी एखाद्या जिवाचे गुपित असेल तर ते चोरापासून जरूर जपा. पण ज्याच्या हातात कापण्याचे यंत्र आहे, त्याला आधी सांगा. तो तोंडाळ असेल, तुम्हांला आवडत नसेल, तरी सांगा. आणि कधी नॉर्विचला आलात, त्या खोलीत मला मागितलेत, तर अक्षरे वाचू नका. चार जूनपासून माझ्या समासावरून बोट फिरवत खाली या. बारीक टिंबे लागतील, मग शेवटी थोडी जाड. बावीस जुलैला एकच आहे. पेन्सिलीचे टोक तिथे कागदात रुतले आहे, बोटाला लागते.